परस्पर पुण्य

पेण-रोह्याच्या भाविकांनी कार्तिकी पौर्णिमेला गुजरातमधल्या पालिताण्याला जाऊन जैनांच्या शत्रुंजय डोंगरावरची अहिंसा पाहून यावी. पायाखाली किडामुंगी येऊ नये म्हणून चातुर्मासात यात्रा बंद असते. पौर्णिमेला ती खुली होते आणि डोल्या निघतात. पायऱ्या तीन हजारांवर. पण डोलीत बसलं की आपल्या पायाखाली मुंगीसुद्धा मरत नाही. मरते ती डोलीवाल्याच्या. पाप परस्पर त्याच्या खाती, पुण्य आपल्या. व्यवस्था निर्दोष आहे. पुढच्या वर्षी डोलीत नुसता मोबाइल ठेवावा आणि पेणमधूनच हात जोडावेत. डोलीवाल्याचा भार हलका होईल, तेवढीच जीवदया.

नव्व्याण्णव वेळा चढणाऱ्याची ‘नव्वाणू’ पूर्ण होते, त्याचं कौतुक होतं. डोलीवाल्याची एका हंगामातच होत असावी. पण त्याला मजुरी मिळते, म्हणून ती धरत नाहीत.