उकिडव्याचा अभ्यास

पीएचडी होऊनही ज्याला कायमची नोकरी मिळत नाही, त्याला पोस्टडॉक म्हणतात. मी गुडघ्यांवर पोस्टडॉक करतो. त्यामुळे लग्नकार्यात भर पंगतीत एखादी आत्या गुडघा पुढे करते. तो किती अंश वाकतो एवढंच मी सांगू शकतो. आत्याला त्यात काडीचाही रस नसतो.

विषय मात्र जोरदार आहे. सपाट रस्त्यावर चालताना गुडघा साधारण ६० अंश वाकतो, जिना चढताना ९०च्या आसपास. उकिडवं बसायचं तर १३०च्याही पुढे जावं लागतं. गुडघ्यांचं संशोधन वाढलं ते बहुतेक खुर्चीवर बसणाऱ्यांच्या देशांत, म्हणून चालण्याबद्दल माहिती ढीगभर आणि उकिडव्याबद्दल चिमूटभर. ती उणीव भरून काढायचा विडा मी उचलला.

मोजायची रीत अशी. हाडांच्या उंचवट्यांवर चणीबोराएवढे चमकते गोळे चिकटवायचे. या मार्करांची जागा इन्फ्रारेड कॅमेरे टिपतात, जमिनीतली फोर्स प्लेट पायाखालचा जोर मोजते आणि सांध्यावरचा भार संगणक हिशेबाने काढतो.

एके दिवशी भाजी विकणाऱ्या एक मावशी आल्या होत्या. संमतीपत्र वाचून दाखवलं, तेव्हा त्यांनी रास्त प्रश्न केला, "नेमकं कसं बसायचं?" यंत्रणा तपासण्यासाठी सकाळपासून मार्कर माझ्याच अंगावर होते आणि मी अर्ध्या चड्डीत. म्हटलं, दाखवतो.

खाली जाता जाताच टाचा उचलल्या गेल्या. घोटा पुरेसा वाकत नसला की असं होतं, हे मीच एका शोधनिबंधात लिहिलंय. मग हट्टाने टाचा टेकवल्या. तसं केलं की तोल मागे जातो, हेही त्याच निबंधात आहे, पुढच्याच परिच्छेदात. मी फोर्स प्लेटवर धपकन बसलो. पडद्यावरची रेघ थेट वर गेली आणि कमरेच्या पुढच्या हाडांवरचे दोन्ही मार्कर गायब झाले.

"कॅमेरा बिघडला वाटतं," मी बसल्या जागेवरून म्हणालो.

"नाही सर," आमची विद्यार्थिनी म्हणाली, "पोट मधे येतंय."

ही अडचण इतर लॅबनाही येते, असं मी तिला समजावलं. तिला ते जरा जास्तच पटकन पटलं.

मावशींनी हात देऊन मला उठवलं, नऊवारीचा काष्टा वर खोचला आणि बसल्या. टाचा जमिनीला, मांड्या पोटऱ्यांवर टेकलेल्या, तोंडाने टोमॅटोच्या भावावर गप्पा. सगळी मेख तिथेच आहे. मांडी पोटरीला टेकली की भाराचा काही वाटा तिथून परस्पर उतरतो आणि गुडघ्यावरचा ताण कमी होतो. हे धरलं नाही तर हिशेबात ताण उगाच फुगतो. माझ्या मॉडेलमध्ये मांडी होती, पोटरीही होती. त्यांची गाठभेट तेवढी नव्हती.

"दमत नाही का हो असं बसून?" मी विचारलं.

"अहो, दमल्यावरच बसते की!"

तर, आम्हाला आणखी स्वयंसेवक हवे आहेत. वय १८च्या पुढे, गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं नको, उकिडवं बसता आलं पाहिजे. चमकत्या पट्टीचे बूट घालून येऊ नका, कॅमेरे त्यांनाही मार्कर समजतात. प्रात्यक्षिक आता मावशी दाखवतात.