फुकटची फुलं

अहो, ऐकलंत का? कोपऱ्यावरच्या बंगल्यातल्या वहिनींचं लॅव्हेंडर गेलं! जाणारच होतं म्हणा. त्याला हवी कोरडी हवा, आणि आपला हा जुलैचा पाऊस... मुळंच कुजली. नर्सरीवाला वर म्हणतो कसा, "मॅडम, पाणी जास्त झालं." अरे, त्यांनी कुठे घातलं, आभाळानं घातलं! बाईंचा चेहरा असा उतरला ना, की मला हसूच येईना. म्हणजे, आलं थोडंसं.

तर काय सांगत होते, त्यांच्याच कंपाउंडबाहेर गटाराकडेला गुलबाक्षी कशी माजलीय, बघितलीत? कुणी लावली नाही, कुणी पाणी दिलं नाही. वरून वाळली तरी खाली गड्डा जिवंत, पाऊस पडला की बाई हजर! ती तरी कुठे इथली, मूळची अमेरिका खंडांतली. पण रुळली.

माझ्या जाऊबाई नाक मुरडून म्हणतात, "असली गावठी फुलं काय लावायची?" मी म्हटलं, तेरडा एकदा लावा, पुन्हा बी आणायला लागलं तर मला विचारा. बोंड पिकलं की नुसता हात लागायचा अवकाश, तडकून बी चहूकडे! गौरींना फुलं दारातच. आणि सदाफुली? भिंतीच्या फटीतूनसुद्धा डोकं काढते. पानं इतकी कडू की शेळी तोंड लावत नाही. तिच्यापासून कॅन्सरवरची औषधं काढतात, ते तर तुम्हाला ठाऊकच आहे. जाऊबाई गप्प!

पण सगळ्यांनाच घरात घेऊ नका हं. मागच्या गल्लीतल्या रिटायर्ड साहेबांनी पिवळी वेडेलिया लावली, "ग्राउंड कव्हर" म्हणे! तिला पेरापेराला मुळं फुटतात. गेली कुंपणाखालून शेजाऱ्यांच्या मोगऱ्यात, आणि आता दोन्ही घरांत बोलणं बंद. घाणेरी तरी काय, शोभेची म्हणूनच आणली होती इंग्रजांनी. डोंगर भरले तिनं. केशरी कॉसमॉसही तसलाच, फोटोपुरता गोड. मी तर आधी उपटून बघते. हाताला सहज निघालं तर राहू दे, नाहीतर रामराम.

बरं, रेन लिलीचे कांदे देऊ का? उन्हात लावा, दोन बोटं खोल. पावसाची एक सर आली की फुलतात, आणि कांद्याला कांदे सुटत राहतात. फक्त जाऊबाईंना बोलू नका, त्यांना मी संपले म्हणून सांगितलंय!