अण्णांची अमेरिका

शिंक आली की माणसं नाक पुसतात. आमच्या सोसायटीतले अण्णा आधी खिडकीतून समोरच्या मोकळ्या प्लॉटकडे बघतात. "फुललंय!"

प्लॉटवर गाजरगवत आहे. अण्णा मात्र काँग्रेस गवतच म्हणतात. "काँग्रेस मुळासकट उपटली पाहिजे!" हे पहिल्याच भेटीत ऐकून नव्या भाडेकरूने घाईघाईने सांगितलं होतं, "काका, आम्ही राजकारणात नसतो हो."

सकाळी सहाला कानटोपी, नाकाला पंचा आणि काकूंचे भांडी घासायचे रबरी मोजे चढवून स्वारी प्लॉटवर उतरते. फुलं यायच्या आत उपटायचं, कारण एकेका झाडाला हजारो बिया धरतात. इथपर्यंत अण्णांचं सगळं बरोबर. पण काकूंची गुडघेदुखी आणि बिघडलेली लिफ्टही त्याच खाती जमा होते, आणि त्यामागे असते अमेरिका. "लाल गव्हातून पाठवलं, पीएल-४८०!"

एकदा मी म्हटलं, "अण्णा, पुण्यात हे गवत १९५५ साली दिसलं. अमेरिकेकडून गहू घ्यायचा तो पीएल-४८० चा करार ऑगस्ट १९५६ चा."

"म्हणजे गव्हाच्या आधीच पाठवलं! तयारी बघा केवढी!"

गेल्या पावसाळ्यात ते बरणीतून हे गवत खाणारे मेक्सिकन भुंगे घेऊन आले. १९८४ साली बंगळुरात सोडलेल्यांचे हे वंशज. भुंग्यांनी पानं मन लावून खाल्ली आणि थंडीत ते मातीत शिरून झोपले. "सरकारी नोकर लेकाचे!" अण्णा हळहळले. ते स्वतः अडतीस वर्षं सरकारी नोकरीत होते.

पंचाहत्तरीला त्यांना गुलाबांचा गुच्छ दिला. छातीशी धरून वीस मिनिटं फोटो झाले. मग नातू म्हणाला, "आजोबा, ही पांढरी बारीक फुलं काँग्रेसची ना?" अण्णांनी लागोपाठ अकरा शिंका दिल्या. फुलं जिप्सोची होती.

मी आठवडाभर हसत होतो. मग रविवारी, एवढंसं गवत ते काय, म्हणून कुंडीशेजारचं नुसत्या हातांनी उपटलं. रात्री मनगटापासून कोपरापर्यंत पुरळ उठलं, आग आग झाली. साडेदहाला बेल वाजली. दारात कॅलामाइनची बाटली घेऊन अण्णा.

"खाजवू नकोस," ते म्हणाले. बाटली दिली, जिना उतरायला लागले, आणि खालच्या मजल्यावरून न राहवून आवाज आलाच, "अमेरिका!"