साडेसातशेवाला

अमेरिकेच्या मध्य-पश्चिमेकडील राज्यांत, विशेषतः डेट्रॉइटच्या उपनगरांत, निवृत्तीच्या उंबरठ्यावरच्या किंवा तो ओलांडलेल्या पुरुषांचा एक वर्ग आढळतो. त्याच्या अंतिम निर्णयावरून त्याला ‘साडेसातशेवाला’ असे संबोधणे सोयीचे ठरेल. या वर्गातील प्रत्येकाजवळ एक जुनी मसल कार असते. मध्यम आकाराच्या दोनदारी गाडीत मोठ्या गाडीचे आठ सिलिंडरांचे इंजिन बसवून तरुणांच्या खिशाला परवडेल अशा किमतीत विकलेले वाहन म्हणजे मसल कार. तिचा काळ साधारणपणे 1964 च्या पोंटियाक जीटीओपासून मोजतात आणि विम्याचे चढते हप्ते, प्रदूषणाचे कायदे व 1973 ची तेलटंचाई यांच्यापाशी तो संपवतात. त्या काळात साडेसातशेवाला शाळेत होता आणि गाडी शेजारच्या थोरल्या मुलाकडे होती, ही गोष्ट पुढील विवेचनात ध्यानी ठेवावी.

त्याची गाडी बहुधा 1970 सालची शेव्हरले शेव्हेल असते आणि तिच्या पुढच्या जाळीवर ‘एसएस’ ही अक्षरे झळकत असतात. त्या वर्षी हे बिरूद केवळ 396 किंवा 454 घनइंचांच्या इंजिनाबरोबर मिळत असे आणि याच्या बॉनेटखाली तर 350 घनइंचांचे इंजिन आहे, तेव्हा गाडी जन्माने शेव्हेलमधलीच साधी मालिबू असून अक्षरे मागाहून चिकटली हे जाणकाराच्या तत्काळ लक्षात येते. याबाबत कोणी छेडलेच, तर कंपनी ज्याला 396 म्हणत होती ते इंजिन 1970 मध्ये प्रत्यक्षात 402 घनइंचांचे होते, आणि खुद्द कंपनीच आकड्यांच्या बाबतीत इतकी सैल असताना दोन अक्षरांचा बाऊ कशाला, असे तो शांतपणे विचारतो. त्याने दिलेली माहिती अचूक असते, पण तिच्यावरून काढलेला निष्कर्ष मात्र आधीच ठरलेला असतो. त्याच्या एकूण विचारपद्धतीचे हेच मुख्य लक्षण होय.

या वर्गाचे खरे दर्शन घडते ते कार्बोरेटर बदलण्याच्या प्रसंगी. कार्बोरेटर म्हणजे इंजिनाकडे जाणाऱ्या हवेत पेट्रोल मिसळणारे उपकरण. त्याच्या निमुळत्या गळ्यातून जाताना हवेचा वेग वाढतो, दाब घटतो आणि त्या घटलेल्या दाबामुळे बारीक छिद्राच्या जेटमधून पेट्रोल ओढले जाऊन वजनाने सुमारे 14.7 भाग हवेस एक भाग या प्रमाणाच्या आसपास मिश्रण तयार होते. सिग्नल सुटल्यावर पाय दाबताच गाडी क्षणभर अडखळली, की साडेसातशेवाला घरी येऊन बॉनेट उघडतो, एअर क्लीनरचा पंखांचा नट फिरवून झाकण काढतो, एक डोळा मिटून बॅटरीच्या उजेडात आत पाहतो, थ्रॉटलचा दांडा बोटाने ढकलून पेट्रोलच्या दोन बारीक पिचकाऱ्या उडताना निरखतो आणि दुःखाने मान हलवतो. दोष इग्निशनच्या टायमिंगमध्ये असू शकतो, झिजलेल्या पॉइंटमध्ये असू शकतो किंवा व्हॅक्यूमच्या तडकलेल्या रबरी नळीतही असू शकतो. परंतु रबरी नळी बदलल्याचे चार मित्रांत सांगता येत नाही, त्यामुळे आग रामेश्वरी असली तरी बंब सोमेश्वरीच धाडला जातो.

कार्बोरेटरचा आकार मिनिटाला किती घनफूट हवा आत जाऊ शकते यावरून ठरतो आणि इंजिनाची गरज काढण्याचे सूत्र सर्वमान्य आहे. इंजिनाच्या घनइंचांना मिनिटाच्या फेऱ्यांनी गुणून 3456 ने भागायचे, कारण एका घनफुटात 1728 घनइंच असतात आणि चार ठोक्यांचे इंजिन दोन फेऱ्यांत एकदा पुरता श्वास घेते. मग सिलिंडर व्यवहारात पूर्ण भरत नाहीत म्हणून उत्तराचे 85 टक्के धरायचे. या हिशोबाने 350 घनइंचांच्या इंजिनाला 5500 फेऱ्यांवर सुमारे 473 घनफूट हवा लागते, अर्थात 600 चा कार्बोरेटर त्याला पुरून उरतो. साडेसातशेवाला हे गणित स्वतः करतो, त्याचा ताळाही पाहतो, आणि मग 5500 च्या जागी 6500 व 85 टक्क्यांच्या जागी 110 टक्के घालून 724 पर्यंत पोचतो, जिथून 750 चा कार्बोरेटर हाकेच्या अंतरावर असतो. त्याची गाडी 3000 फेऱ्यांच्या वर शेवटची केव्हा गेली होती, हा प्रश्न या टप्प्यावर अप्रस्तुत मानला जातो.

निवडीसाठी जे पंथ उपलब्ध आहेत, त्यांचा परिचय येथे आवश्यक आहे. एडलब्रॉकपंथीय हे शांतताप्रिय असतात; जुन्या कार्टर एएफबीच्या घडणीवर बेतलेला हा कार्बोरेटर बसवावा आणि विसरावा अशी त्यांची शिकवण असून, त्यातल्या मीटरिंग रॉड, म्हणजे जेटमधून जाणारे पेट्रोल कमीजास्त करणाऱ्या बारीक सळ्या, कार्बोरेटर न उतरवता बदलता येतात. विसरून जाण्यासाठी साडेसातशेवाल्याने गाडी घेतलेली नसते, म्हणून तो हॉलीपंथाकडे वळतो. त्यातही त्याला ‘डबल पंपर’ हवा असतो, ज्याच्या मागच्या दोन झडपा हवेच्या मागणीनुसार हळूहळू न उघडता पायाच्या हुकमाने उघडतात आणि ज्यात पेट्रोलची पिचकारी मारणारे पंप पुढेमागे मिळून दोन असतात. स्वयंचलित गिअरच्या वजनदार गाडीला हा प्रकार मानवत नाही, असे अनुभवी मेकॅनिक सांगतात. तथापि 1970 च्या एलएस-6 या 454 घनइंचांच्या, 450 अश्वशक्तीच्या इंजिनावर 780 घनफुटांची हॉली होती हे त्याला मुखोद्गत असते, आणि अश्वशक्ती इंजिनातून आली की हॉलीतून, या वादात तो पडत नाही. संगणकावर चालणारे फ्युएल इंजेक्शन तो तत्त्व म्हणून नाकारतो, कारण त्याने गाडी पहिल्या किल्लीला सुरू होते आणि मग शनिवारी करायचे काय, हा प्रश्न उरतो.

या साऱ्या खटाटोपात ज्याला ‘लहान’ ठरवून काढून टाकले जाते तो मूळचा रॉचेस्टर क्वाड्राजेट असतो, आणि बहुतेक क्वाड्राजेटांची क्षमता 750 घनफूटच असते. त्याचे पुढचे दोन गळे अरुंद व मागचे दोन रुंद असून, मागच्यांवरची हवेची झडप इंजिन मागेल तितकीच उघडते. त्यामुळे हा कार्बोरेटर साडेसातशेचा असूनही साडेसातशेवाल्यासारखा वागत नाही. त्याचा नेहमीचा आजार म्हणजे तळाच्या बुचांतून रात्रभर पेट्रोल झिरपणे, आणि त्यावर इपॉक्सीचा लेप हा माहीत असलेला उपाय आहे. हे साडेसातशेवाल्यास सांगितल्यावर तो “दोन्ही साडेसातशेंत फरक आहे,” असे म्हणतो, आणि हे विधान तांत्रिकदृष्ट्या बरोबरच असते.

त्यानंतर भटाला ओसरी मिळते. हॉलीचे चारही गळे सारख्या मापाचे आणि जुन्या मॅनिफोल्डची, म्हणजे कार्बोरेटर ज्यावर बसतो त्या भागाची, भोके असमान, म्हणून मध्ये ॲडॉप्टरची पट्टी येते; पट्टीने उंची वाढली की एअर क्लीनर बॉनेटला टेकतो, म्हणून बुटका एअर क्लीनर येतो; मग पेट्रोलची नळी पोचत नाही आणि गिअरची केबलही अपुरी पडते. मॅनिफोल्डच्या उघड्या तोंडात नट पडू नये म्हणून कोंबलेली चिंधी काढायची आठवण तो पत्नीला दोनदा देऊन ठेवतो, कारण चिंधी आत राहिल्यास दोष नक्की कोणाचा हे आधीच ठरलेले बरे.

बसवणी झाल्यावर पूर्वी अडखळणारी गाडी आता थांबून आवंढा गिळते, कारण मोठ्या गळ्यांतून हवा इतकी मंद जाते की पेट्रोल ओढण्याचे बळच तिच्यात उरत नाही. ऑगस्टच्या तिसऱ्या शनिवारी वुडवर्ड ॲव्हेन्यूवर, 1995 पासून भरणाऱ्या जुन्या गाड्यांच्या मेळ्यात, तो बंपरला बंपर लावून मुंगीच्या पावलांनी सरकतो, मागच्या झडपा दिवसभरात एकदाही उघडत नाहीत, मात्र बॉनेट दिवसभर उघडे असते आणि थोरल्या मुलांच्या वयाचे गृहस्थ आत वाकून “साडेसातशे?” असे विचारतात. संध्याकाळपर्यंत, कार्बोरेटर योग्यच असून कॅमशाफ्ट लहान पडतो, असा निष्कर्ष निघालेला असतो.

या वर्गाला हसणे सोपे असले तरी त्याचे अर्थशास्त्रीय महत्त्व नाकारता येत नाही. अमेरिकेतील नव्या मोटारींतून कार्बोरेटर 1990 च्या सुमारास हद्दपार झाला, तरी त्याचे गॅस्केट, फ्लोट आणि जेट आजही दुकानात मिळतात, आणि शहाणा मालक आपला जुना क्वाड्राजेट थोडक्यात दुरुस्त करून निमूटपणे गाडी चालवतो. मात्र शहाण्या मालकाच्या खरेदीवर कोणाचाही कारखाना चालत नाही; तो साडेसातशेवाल्याच्या दुसऱ्या कार्बोरेटरवर चालतो.