बिनउताऱ्याचा शेतकरी

मिनियापोलिसच्या पश्चिमेकडच्या एका उपनगरात हिरवळकर राहतात. त्यांचं खरं आडनाव वेगळं आहे, पण ते आता मराठी मंडळाच्या वर्गणीच्या यादीपुरतं उरलंय. कोजागरीच्या दुधाचा पेला हातात असताना कुणी सहज म्हणालं, "यंदा थंडी लवकर पडलीय," तर हिरवळकर दचकून विचारतात, "हवेत की मातीत?" बाकीची माणसं हवेत राहतात, हिरवळकर मुळांच्या पातळीवर.

अशी वल्ली इथल्या प्रत्येक वसाहतीत एक तरी असते. अमेरिकेत आलेल्या मराठी माणसाला आधी नोकरीची चिंता असते, मग व्हिसाची, मग ग्रीन कार्डची. कार्ड मिळालं, घर झालं की चिंतेला काही काम उरत नाही. मग ती अंगणात उतरते.

मिनेसोटात साधारण नोव्हेंबर ते मार्च बर्फ असतो. हिरवळ दिसत नाही म्हणून बाकीचे निर्धास्त असतात, आणि नेमकी दिसत नाही म्हणूनच हिरवळकर बेचैन. बर्फाखाली काय चाललंय ते त्यांना पक्कं ठाऊक असतं. स्नो मोल्ड नावाची बुरशी पसरत असते, व्होल नावाचे उंदराच्या जातीचे प्राणी गवत कुरतडत नागमोडी रस्ते काढत असतात. बर्फ दाबला गेला की तो उशिरा वितळतो आणि बुरशीचं फावतं, म्हणून त्यांच्या अंगणात मुलांना हिममानव करायची बंदी आहे. मार्चमध्ये तर हिरवळकर फावडं घेऊन बाहेर पडतात आणि ढिगातला बर्फ अंगणभर पसरून टाकतात. सगळं गाव बर्फ गोळा करत असताना हा एकटा माणूस तो वाटत असतो. शेजारी खिडकीतून पाहतात. मिनेसोटाचा माणूस दुसऱ्याच्या भानगडीत पडत नाही, तो फक्त हात हलवतो.

एप्रिलमध्ये थर्मामीटर निघतो. माती दहा-बारा अंश सेल्सिअसच्या पुढे गेली की क्रॅबग्रास नावाचं तण उगवू लागतं, त्यामुळे तणनाशक त्याच्या आत पडायला हवं. हिरवळकर रोज सकाळी मातीचा ताप मोजतात. मुलांचा वहिनी मोजतात. मातीचा पीएच त्यांना तोंडपाठ आहे, स्वतःची साखर मात्र डॉक्टरच्या फायलीत असते.

मे महिन्यात डँडेलियनची पिवळी फुलं येतात. कुणालाही ती सुंदर वाटतील. पण त्यांच्या म्हाताऱ्या उडतात आणि शेजारच्या अंगणात जाऊन बसतात, त्यामुळे हे पाप खासगी राहत नाही. 'लोक काय म्हणतील' हे आपण मिरजेलाच सोडून आलो, असं हिरवळकर अभिमानाने सांगतात. मिरजेला निदान लोक म्हणायचे तरी. इथे कुणी काहीच म्हणत नाही, त्यामुळे सगळं स्वतःच ओळखून आधीच घाबरावं लागतं.

मागल्या जूनमध्ये त्यांचे वडील, आबा, आले. मिरज तालुक्यात त्यांचा ऊस आहे. सामानात भडंग, काकवी आणि एक खुरपं. पहिल्याच सकाळी आबा अंगणात उभे राहिले. केंटकी ब्लूग्रास, तीन इंच उंचीचं, एकसारखं. आबांनी वाकून एक चिमूट तोडली आणि चावून पाहिली.

"वैरण झकास हाय. जनावरं कुठं बांधल्यात?"

"जनावरं नाहीत, आबा."

"मग इकतोस?"

"नाही. कापतो."

"कापून?"

"तिथंच टाकतो. त्याचंच खत होतं."

"खत कशाला?"

"जोमानं वाढावं म्हणून."

"आन् वाढल्यावर?"

"कापतो."

आबा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "ह्या देशात समदी असंच करत्यात?"

हिरवळकरांना आकड्यांची आवड. त्यांनी सांगितलं की २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, उपग्रहांची मदत घेऊन केलेल्या एका अभ्यासानुसार अमेरिकेतली हिरवळ सुमारे १,६०,००० चौरस किलोमीटर भरते. म्हणजे निम्म्या महाराष्ट्राहून जास्त.

"निम्मा म्हाराष्ट्र," आबा म्हणाले, "आन् एक म्हस न्हाई?"

खरी चकमक झाली ती खतावर. आबांना इंग्रजी येत नाही, पण खताच्या पोत्यावरचे आकडे जगात कुठेही वाचता येतात. दहा-सव्वीस-सव्वीस आणि अठरा-सेहेचाळीस यांच्यावर त्यांचं आयुष्य गेलं. गॅरेजमधलं पोतं त्यांनी उलटसुलट केलं आणि त्यांचा चेहरा उतरला.

"मधला आकडा शून्य हाय. फसवलं की रं तुला दुकानदारानं!"

हिरवळकरांनी खुलासा केला. मधला आकडा स्फुरदाचा. मिनेसोटा हे तळ्यांचं राज्य. अंगणातलं स्फुरद पावसाबरोबर वाहत तळ्यात गेलं की शेवाळ माजतं. म्हणून २००५ पासून राज्यभर हिरवळीला स्फुरद घालायला कायद्याने मनाई आहे. माती तपासून कमतरता सिद्ध झाली किंवा हिरवळ नव्याने लावायची असेल, तरच सूट. आबांनी शांतपणे ऐकून घेतलं. तळ्यासाठी खत आवरणारं सरकार असू शकतं हे त्यांना पटायला दोन दिवस लागले, पण पटल्यावर त्यांनी घरी फोन करून ते सरपंचाला कळवायला सांगितलं.

पाण्याचा नियम मात्र न सांगता समजला. इथल्या बऱ्याच उपनगरांत घराचा क्रमांक सम असेल तर सम तारखेला फवारे सुरू करायचे, विषम असेल तर विषम तारखेला. "म्हंजी पाळीचं पानी," आबा म्हणाले आणि त्या दिवसापासून पहाटे उठून फवाऱ्यांवर नजर ठेवू लागले. पलीकडच्या घराने भलत्या दिवशी पाणी सोडलं तेव्हा त्यांनी चिरंजीवांना झोपेतून उठवून तक्रार केली. आपण शेती सोडून आलो, या हिरवळकरांच्या समजुतीला तिथेच पहिला तडा गेला.

दुपारी आबा खुरपं घेऊन बसत. क्रॅबग्रास मुळासकट निघू लागलं. चार-दोन घरांची माणसं बघायला जमली. एकाने अदबीने विचारलं, हे गृहस्थ तासाला किती घेतात? हिरवळकर लाजेने हिरवे झाले. आबांनी भाषांतर करून घेतलं आणि विचारलं, "पर किती देतो म्हनला?"

मग गणपती आले. थंड प्रदेशात हिरवळीचं बी टाकायला उत्तम काळ म्हणजे ऑगस्टचा मध्य ते सप्टेंबरचा मध्य, आणि गणराय पंचांगाप्रमाणे बहुधा त्याच सुमारास येतात. दूर्वा म्हणजे आपली हरळी. ती उष्ण मुलखातली, मिनेसोटाच्या हिवाळ्यात उघड्यावर टिकत नाही. साहजिकच मंडळातल्या बायका दूर्वांच्या आशेने हिरवळकरांच्या दारी येतात. ते दारातच हात जोडून उभे असतात. नुकतं बी पेरलंय, ब्लूग्रासला उगवायलाच दोन ते चार आठवडे लागतात, पाय पडला तर गेलं. ते बायकांना फुलवाल्याचा पत्ता देतात, प्लास्टिकच्या दूर्वाही सुचवतात. त्या वर्षी आबांनी हे पाहिलं, न बोलता अंगणात उतरले आणि २१ पात्यांची जुडी बांधून पहिल्या बाईच्या हातात ठेवली.

"देवाला चार पात्या द्याया रडतोस," ते मुलाला म्हणाले, "आन् मशिनीला समदं रान घालतोस."

ऑक्टोबरमध्ये आबा परत गेले. जमिनीखालच्या नळ्यांत पाणी राहिलं तर गोठून त्या फुटतात, म्हणून हिरवळकरांनी कॉम्प्रेसरच्या हवेने त्या रिकाम्या केल्या, शेवटचं खत घातलं, आणि पहिला बर्फ पडला.

यंदा मुलीने घरात बंड केलं. लॉन्स टू लेग्यूम्स नावाची राज्याची योजना आहे, २०१९ मध्ये विधिमंडळाने मंजूर केलेली. अंगणात मधमाश्यांच्या उपयोगाची झाडं लावणाऱ्याला खर्चाचा काही भाग परत मिळतो. मुलीने परस्पर अर्ज केला आणि तो मंजूर झाला. अनुदान म्हटल्यावर हिरवळकरांच्या रक्तातला शेतकरी विरघळला. एका कोपऱ्यातलं ब्लूग्रास गेलं, पांढरं क्लोव्हर आलं. शेजाऱ्यांना हा आळशीपणा वाटू नये म्हणून त्यांनी पुढ्यात मधमाश्यांची पाटीही ठोकली. व्हिडिओ कॉलवर आबांनी पाहताक्षणी ओळखलं, ही घासाच्या जातीची वैरण. "आता जमलं. जमिनीत नत्र बी धरंल," ते म्हणाले.

परवा त्यांच्या घरावरून जात होतो. हिरवळकर त्या कोपऱ्यात गुडघे टेकून बसले होते, हातात आबांचं खुरपं. म्हटलं, काय चाललंय?

"तण काढतोय," ते घाम पुसत म्हणाले. "क्लोव्हरमध्ये शिरतंय. भयंकर चिवट. केंटकी ब्लूग्रास म्हणतात याला."