मौजे गोवंडी, क्रमांक नमूद नाही

आमच्या मुलुंडच्या भाच्याने गेल्या रविवारी आमच्या गोवंडीच्या घरी येऊन, चहाचा पहिला घोट घेण्यापूर्वीच, आपण लवकरच भटक्यांत सामील होणार असल्याचे जाहीर केले, तेव्हा सरकारी दप्तरात बत्तीस वर्षे कारकुनी केलेल्या आमच्या मनात प्रथम जातीच्या दाखल्याचाच विचार आला. उलगडा झाला तो असा, की ज्यांची कचेरी मांडीवरच्या लॅपटॉपात मावते, आणि आपला माणूस कोणत्या खंडात बसला आहे याच्याशी ज्यांच्या साहेबाला कर्तव्य नसते, अशा सुशिक्षितांस हल्ली डिजिटल भटके म्हणतात. ज्या मुलखात इंग्रज सरकारने 1871 साली कायदा करून भटक्या जमातींवर गुन्हेगारीचा शिक्का मारला, आणि तो कायदा रद्द होण्यास 1952 साल उजाडावे लागले, त्या मुलखातील माणसाला हे ऐकून गहिवर यावा यात नवल नाही. एस्टोनियाने 2020 साली आणि पोर्तुगालने 2022 साली या नव्या भटक्यांसाठी खास व्हिसा काढले असून, पोर्तुगालची मुख्य अट एवढीच, की अर्जदाराची मासिक प्राप्ती तेथील किमान वेतनाच्या चौपट असावी. म्हणजे गुन्हा भटकण्यात कधीच नव्हता. तो कमी पगारात भटकण्यात होता.

भाच्यापाशी एक तक्ता होता. लिस्बन, चियांग माई, बाली आणि आपली पणजी अशा नगरांसमोर एका खोलीचे भाडे, कॉफीच्या पेल्याचा दर, इंटरनेटचा वेग आणि हवेची शुद्धता यांचे रकाने भरून, कमाई डॉलरात व्हावी आणि बाजारहाट थायी चलनात व्हावा, हे अर्थशास्त्र त्यात सिद्ध केले होते. अशा तक्त्यांची परंपराही थोर आहे. मर्सर नावाची संस्था न्यूयॉर्कला प्रमाण मानून दोनशेंहून अधिक शहरांची महागाई मोजते. तिच्या 2024 च्या यादीत हाँगकाँग पहिले आणि मुंबई 136 वी. लंडनच्या इकॉनॉमिस्टचा संशोधन विभाग राहण्यायोग्य शहरांचा क्रम लावतो, आणि त्यात 2022 पासून सलग तीन वर्षे व्हिएन्ना अग्रस्थानी होते. आपले केंद्र सरकारही मागे राहिले नाही : 2018 साली त्याने 111 शहरांची राहण्याच्या सुलभतेनुसार प्रतवारी केली, तीत पुणे पहिले, नवी मुंबई दुसरी आणि बृहन्मुंबई तिसरी आली. अर्थात खाडीपलीकडे देशातील दुसरे सुखी शहर आणि खाडीअलीकडे तिसरे, अशा दुहेरी सौख्याच्या मध्यावर आमची गोवंडी वसली आहे. परंतु महानगरपालिकेच्याच 2009 च्या मानवी विकास अहवालात, गोवंडी ज्यात मोडते तो एम पूर्व विभाग, 0.05 या निर्देशांकासह शहरात अगदी तळाशी आहे. शहर तिसरे आणि विभाग शेवटचा, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात, कारण सरासरी ही वस्तू इतकी दयाळू आहे, की मलबार हिलवरचे कारंजे आणि आमच्या गोवंडीच्या बैंगनवाडीतले कोरडे पिंप एकत्र मोजून ती दोन्ही दारांशी सारखेच पाणी सोडते.

सबब, मजकूर तक्त्यात मौजे गोवंडी दाखल करण्याची तजवीज व्हावी म्हणून आम्हीच रकाने भरावयास बसलो. दळणवळण : हार्बर मार्ग, चेंबूर आणि मानखुर्द यांच्या दरम्यान. विद्या : टाटा सामाजिक विज्ञान संस्था 1954 पासून शेजारी देवनारला नांदते, त्यामुळे दारिद्र्यावर प्रबंध लिहिणाऱ्यास रिक्षाचाही फारसा खर्च पडत नाही. सृष्टिसौंदर्य : 1927 पासून शहराने परिश्रमपूर्वक रचलेले देवनारचे कचऱ्याचे डोंगर. जानेवारी 2016 मध्ये त्यांना आग लागली, तेव्हा तो धूर उपग्रहाच्या छायाचित्रांत उमटला आणि आमच्या हवेची दखल थेट अंतराळातून घेतली गेली. महापालिकेचे मुख्यालय अंतराळाहून पुष्कळ जवळ आहे, ही गोष्ट अलाहिदा.

उरला घरून काम करण्याच्या सोयीचा रकाना. त्यासाठी आम्ही भाच्याला बैंगनवाडीत, आमच्या ओळखीच्या एका बाईंकडे नेले. 10 बाय 15 फुटांच्या जागेत, उजेड मिळावा म्हणून उंबरठ्यालगत मांडी घालून, जालन्याकडच्या या बाई टोकाला मेण लावलेल्या काडीने एकेक खडा उचलून कानातल्यांच्या साच्यात बसवीत होत्या. एकशे चव्वेचाळीस नग म्हणजे एक ग्रोस, आणि ग्रोसमागे पंधरा रुपये. माल मालाडहून येतो. मालाडचा शेठ त्यांनी सात वर्षांत पाहिलेला नाही, आणि त्या कोणत्या खंडात बसल्या आहेत याच्याशी त्यालाही कर्तव्य नाही. कचेरीचे भाडे त्यांचे, दिव्याचे बिल त्यांचे, आणि डोळेही त्यांचेच. घरी बसून काम करणाऱ्यांना इतर कामगारांसारखीच वागणूक मिळावी, असा 177 क्रमांकाचा करार आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने 1996 सालीच केला आहे. आपल्या सरकारने त्यावर अद्याप मान्यतेची मोहोर उठवलेली नाही.

महापालिकेचे घरगुती पाणी हजार लिटरला दहा रुपयांच्याही आत पडते. बाईंच्या गल्लीतला नळ मात्र मनाला येईल तेव्हा वाहतो आणि वाहिला नाही की चाळीस लिटरचा कॅन दहा रुपयांना घ्यावा लागतो, म्हणजे हजार लिटरला अडीचशे रुपये. स्वस्ताईच्या रकान्यात आम्ही हा आकडा लिहिला, तेव्हा भाच्याने तो एकदा खोडून पुन्हा तपासला. हिशेब बरोबर होता.

बाईंनी काडी खाली न ठेवताच विचारले, “कुठं निघालास रं बाळा?”

“लिस्बनला, मावशी. पोर्तुगालात. तिथून घरबसल्या काम करीन.”

“बरं हाय की. तिथं पाणी किती वाजता येतं?”

भाच्याने तक्ता वरपासून खालपर्यंत चाळला. कॉफीचा रकाना होता. नळाच्या वेळेचा नव्हता.

“चोवीस तास असतं,” तो जरा ओशाळून म्हणाला.

बाईंच्या हातातली काडी प्रथमच थांबली.

“चोवीस तास? मग घरात बसून कशाला काम करतोस रं? माझा नळ तसा असता, तर मी कवाच बाहेर कामाला गेले असते.”