खंडणी पौंडात

आपल्यासारख्या पेन्शनरकडे कुणी खंडणी मागावी, या कल्पनेनंच अंगावर मूठभर मांस चढतं. जून २०१७ मध्ये 'पेट्या' या रॅन्समवेअरनं, म्हणजे फायली अडकवून खंडणी मागणाऱ्या व्हायरसनं, न्हावाशेव्याच्या जेएनपीटी बंदरातलं एक टर्मिनल ठप्प केलं. मार्च २०२१ मध्ये रॅन्समवेअरनं एमआयडीसीचे सर्व्हर अडकवले. त्याच पंगतीत पुढचं पान माझं: जुळे सोलापूर, दुसरा मजला.

कॉम्प्युटर नुकताच फॉरमॅट करून आणला होता. दिवाळी अंकासाठी जुना लेख शोधायला डी ड्राइव्ह उघडला, तर 'गड्ड्याची जत्रा'च्या जागी इंग्रजी अक्षरांचीच जत्रा! कुणाच्या डोक्यावर टोपी, कुणाला खाली शेपटी आणि ओळीओळीत पौंडाचं चिन्ह. दुसरी फाइल तशीच, तिसरीही तशीच. शेजारी 'रीडमी' नावाची एक फाइल. खंडणीची चिठ्ठी बऱ्याचदा याच नावानं ठेवतात, हे मी वाचून होतो. २०१७ च्या 'वॉनाक्राय'नं जगभर ३०० डॉलर मागितले होते; माझ्याकडे थेट पौंडात मागणी! चिठ्ठी उघडायचा धीर काही झाला नाही.

पहिलं पाऊल शास्त्रशुद्ध टाकलं. इंटरनेटची वायर उपटली, म्हणजे लागण दुसऱ्या मशीनला होत नाही. दुसरं पाऊल माझ्या स्वतःच्या शास्त्रातलं. घराचा मेन स्विच पाडला. मे महिना, सोलापूर, दुपारचे दोन.

"अहो, तुमचा व्हायरस मरंल तेव्हा मरंल, आधी आम्ही मरतोय की!" आतून आवाज आला.

सीपीयू चादरीत गुंडाळला (सोलापुरात आणखी कशात गुंडाळणार?) आणि रिक्षानं नवी पेठेतल्या डीटीपीवाल्या पोराकडे नेला. त्यानं फाइल उघडली, माझ्याकडे पाहिलं, पुन्हा फाइलकडे पाहिलं.

"काका, फाइल उघडतीय की! रॅन्समवेअर असतं तर उघडली असती काय? नावापुढं भलतंच शेपूट लागलं असतं."

मग त्यानं उलगडा केला. जुने मराठी फॉन्ट इंग्रजी अक्षरांच्या जागांवर आपली अक्षरं बसवायचे. पौंडाच्या जागी माझी कुठलीतरी मात्रा बसलेली. फॉरमॅट करताना सी ड्राइव्हवरचा फॉन्ट पुसला गेला आणि जागांचे मूळ मालक परत येऊन बसले. 'रीडमी' उघडली, तर फॉन्ट पुन्हा कसा टाकायचा, हे तीत क्रमवार लिहिलेलं. फॉन्टही त्याच फोल्डरमध्ये होता.

खंडणी अखेर रुपयांतच दिली: पन्नास, वर दोन चहा. घरी आल्यावर पूर्ववत झालेला लेख कौतुकानं बायकोला वाचायला दिला. दोन परिच्छेद वाचून ती म्हणाली, "मघाशी होता तसाच बरा होता."

तरी वाचकहो, खरंच रॅन्समवेअर आलं तर वायर उपटा, चिठ्ठीचा फोटो काढा, पण पैसे भरू नका. भरूनही फायली सुटतील याची हमी नसते. १९३० या हेल्पलाइनवर किंवा राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार करा. 'नो मोअर रॅन्सम' या संकेतस्थळावर काही रॅन्समवेअरच्या किल्ल्या फुकट मिळतात, त्याही शोधा. फायलींची एक प्रत पेनड्राइव्हवर घ्या आणि तो कॉम्प्युटरला लावून न ठेवता कपाटात ठेवा. मराठी मात्र युनिकोडमध्येच लिहा. आणि मेन स्विचला हात लावू नका.